अजून फिरतंय

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी अर्धा तास बसलं तर कुठल्याही दुखण्यावर इलाज मिळतो. गुडघा, मधुमेह, भारतीय संघाची मधली फळी, मराठी रंगभूमी. कॉम्प्युटर या यादीत जरा उशिरा आला, पण आला तो कायमचा. "आमचा पीसी फार स्लो झालाय हो," एवढं म्हणायचा अवकाश, की कट्ट्याच्या दोन्ही टोकांकडून सल्ले सुरू होतात. रॅम वाढवा. फॉरमॅट मारा. अँटिव्हायरस काढून टाका. अँटिव्हायरस घाला. डेस्कटॉपवर काही ठेवू नका. विंडोज सेव्हनवर परत जा. एक सद्गृहस्थ तर कॉम्प्युटर पूर्वेकडे तोंड करून ठेवलाय का, एवढंच विचारून पुढच्या फेरीला निघून गेले. या सगळ्या तज्ज्ञांच्या घरचे कॉम्प्युटरही आमच्याइतकेच स्लो आहेत, हे मला नंतर त्यांच्या-त्यांच्या सुनांकडून कळलं.

आमच्या घरातला कॉम्प्युटर 2014 सालचा. असेम्बल्ड. आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. आणला तेव्हा त्यात विंडोज सेव्हन होतं. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज टेन फुकट द्यायला काढलं, आणि फुकट मिळणारी वस्तू नाकारायची आमच्या घराण्यात परंपरा नाही. पुढे पुढे सकाळचा कार्यक्रम ठरून गेला. बाबा सीपीयूचं, म्हणजे टेबलाखालच्या त्या काळ्या डब्याचं, बटण दाबणार, अंघोळीला जाणार, देवपूजा उरकणार आणि बाहेर येऊन विचारणार, "झाला का?" आई पोळी लाटता लाटता मान तिरकी करून स्क्रीनकडे बघणार आणि सांगणार, "अजून फिरतंय."

बाबा सरकारी नोकरीतून 2006 साली निवृत्त झाले. खुर्ची सुटली, टिपणी सुटली नाही. फुटपाथवरची उखडलेली लादी, बंद पडलेला दिवा, वेळापत्रकातून गुपचूप नाहीशी झालेली बस, अग्रलेखातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक, सगळ्यावर त्यांचं बारीक लक्ष. मग पत्र तयार होतं: विषय, संदर्भ एक ते चार, 'उपरोक्त विषयास अनुसरून', आणि तळाला 'प्रत माहितीस्तव'. प्लाझा सिनेमाच्या मागे महापालिकेचं जी-उत्तर विभाग कार्यालय आहे. तिथल्या आवक-जावकच्या खिडकीत बाबांना नावानिशी ओळखतात. सोसायटीच्या सचिवांनाही अधूनमधून एखादं जातं. पण हा एवढा संताप वर्ड उघडेपर्यंत टिकवायचा म्हणजे सोपं काम नव्हे. पुष्कळदा वर्ड उघडायच्या आतच राग निवळायचा आणि बाबा पत्राऐवजी चहा घ्यायचे. त्या कॉम्प्युटरने दादरमधल्या किती पदाधिकाऱ्यांना वाचवलंय, याची त्यांना कल्पना नाही.

बाबांचा स्वतःचा इलाज म्हणजे रिफ्रेश. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक, मग रिफ्रेश. तेही एकदा नाही, ओळीने आठ-दहा वेळा, माळ ओढावी तसं. हे ते एमएस-सीआयटीच्या क्लासात शिकले. 2001 साली हा कोर्स चालवणारी एमकेसीएल स्थापन झाली आणि बघता बघता सरकारी नोकरांना ही परीक्षा सक्तीची झाली. पास झाला नाहीत तर वेतनवाढ रोखली जाईल, एवढ्या एका वाक्यावर पन्नाशी उलटलेले हेडक्लार्क संध्याकाळी क्लासात जाऊन माउस धरायला शिकले. महाराष्ट्राच्या कॉम्प्युटर-साक्षरतेचा पाया वेतनवाढीच्या भीतीवर घातलेला आहे, म्हणून तो इतका भक्कम. तिथे बाबांच्या मनावर जे कोरलं गेलं ते हे, की खुर्चीत बसलं की आधी रिफ्रेश मारायचा.

आता रिफ्रेश खरं म्हणजे काय करतो? डेस्कटॉपवरची चित्रं पुसून पुन्हा मांडतो. बस्स. रॅम रिकामी होत नाही, मागे चाललेलं एकही काम थांबत नाही. उलट दमलेल्या मशीनला तेवढं एक काम जास्त. मी हे बाबांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "असं होय," म्हणाले, आणि रिफ्रेश मारला. त्यांना तरी काय बोलणार? बँकेच्या काउंटरवर, दवाखान्यात, रेशनच्या कचेरीत, रजिस्ट्रारच्या टेबलावर, कुठेही बघा. कागद पुढे सरकवला की समोरचा माणूस आधी रिफ्रेश मारतो आणि मग मान वर करतो. जात, धर्म, पक्ष या कशाचाही भेद न मानणारं एवढं एकच कर्मकांड आपल्याकडे उरलंय.

दुसरा इलाज भाच्याचा. तो इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे गीझरपासून वायफायपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. तो आला की चपला काढायच्या आत विंडोजची कळ आणि आर दाबतो, चौकटीत 'टेम्प' लिहितो, मग तेच दोन्ही बाजूंना टक्क्याची चिन्हं लावून, मग 'प्रीफेच'. दरवेळी सगळं निवडायचं आणि डिलीट. टेम्पमधला केर काढला तर जागा होते हे खरं. डिस्क गळ्यापर्यंत भरली असेल तर थोडा फरकही जाणवतो. प्रीफेचचं मात्र उलटं आहे. कुठला प्रोग्राम उघडताना कुठल्या फायली लागतात, याची टिपणं विंडोज एक्सपीच्या काळापासून तिथे लिहून ठेवतं, म्हणजे पुढच्या खेपेला शोधाशोध कमी. ती पुसली की बिचाऱ्याला पहिल्यापासून धडे गिरवावे लागतात. त्यामुळे भाचा येऊन गेला की दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर हमखास जास्त वेळ घ्यायचा आणि आई म्हणायची, "कालच एवढी साफसफाई झालीय. दमला असेल."

कामाची गोष्ट त्याने एकच केली. टास्क मॅनेजरमधलं 'स्टार्टअप' उघडून दाखवलं. कॉम्प्युटर चालू झाल्याबरोबर न बोलावता उठून बसणाऱ्यांची ती यादी बघून घर गप्प झालं. लॉकडाउनमध्ये भाचीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेली दोन मीटिंगची ॲप. तीन कंपन्यांचे अपडेटर, ज्यांचं दिवसभराचं काम म्हणजे आपलं अपडेट आलं का ते बघणं. आणि प्रिंटरचा मदतनीस. प्रिंटर कधीच भंगारवाल्याकडे गेला. हा मात्र रोज सकाळी त्याची शाई संपत आली का ते बघायला निघायचा. प्रिंटर सापडायचा नाही. तरी शोधत राहायचा. "याला कुणी कळवलं नाही का रे?" आईने कळवळून विचारलं.

अँटिव्हायरस दोन निघाले. एक विकत घेतलेला, दुसरा कुठल्याशा सीडीबरोबर फुकट आलेला. अँटिव्हायरसबद्दल मराठी माणसाने वावगं बोलू नये. क्विक हील आपल्या काटकर बंधूंची: थोरले कैलास पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, धाकट्या संजयने प्रोग्राम लिहिला, आणि 2016 साली कंपनी शेअर बाजारात गेली. पण अँटिव्हायरस कुणाचाही असो, एका घरात दोन नांदत नाहीत. एकाने फाइल उघडून तपासली की दुसरा, 'हा कशाला उघडतोय?' म्हणून पुन्हा तपासतो. बाबांनी आयुष्यभर एका टेबलावर दोन हेडक्लार्क पाहिले होते. त्यांना याचं काहीच नवल वाटलं नाही.

या सगळ्या चर्चा हॉलमध्ये होतात, आणि हॉलमध्येच बाबा बसलेले असतात. "जुना झालाय हो आता." "यापुढे फार सुधारणा होईल असं वाटत नाही." "उगाच खर्चात पडू नका, चालतोय तोवर चालवा." "मधेच अडकतो, पण जरा वेळ दिला की येतो ठिकाणावर." पेपरच्या वरच्या कडेवरून बाबांचा चष्मा हळूहळू उगवायचा. एक दिवस ते म्हणालेच, "कॉम्प्युटरबद्दल चाललंय ना? नाही, फक्त खात्री करून घेतली."

वास्तविक 2014 साली आमचा प्रोसेसर सेकंदाला जेवढी कामं उरकायचा, तेवढी तो आजही उरकू शकतो. त्याच्यावर लादलेलं ओझं वाढलं, त्याला तो काय करणार? निक्लाउस विर्थ नावाचे स्विस संगणकशास्त्रज्ञ होते, पास्कल भाषा त्यांचीच. त्यांनी 1995 साली लेख लिहून तक्रार केली होती, की यंत्रं ज्या वेगाने सुधारतात त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर जड होत चाललंय. 2024च्या 1 जानेवारीला विर्थ गेले. तक्रार प्रलंबित आहे. 2001च्या विंडोज एक्सपीला कमीत कमी 64 एमबी रॅम लागायची. 2021च्या विंडोज इलेव्हनला कमीत कमी चार जीबी. बरोबर 64 पट. एवढ्या काळात बाबांची पत्रं काही 64 पटीने लांबलेली नाहीत (आईचं मत वेगळं आहे). आईचे पत्तेही बावन्नचे बावन्नच राहिले. तेच सॉलिटेअर, फक्त विंडोज टेनपासून दोन डावांमध्ये जाहिराती बघाव्या लागतात.

आणि कमी मेमरीत काही होत नाही म्हणावं, तर आमच्याच शहरात कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली टिफ्रॅक चालू झाला. भारतात घडवलेल्या अगदी पहिल्या कॉम्प्युटरांपैकी एक. नाव ठेवलं नेहरूंनी, 1962 साली. व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेलं अजस्र धूड, आणि मेमरी 2048 शब्दांची, एकेक शब्द 40 बिटांचा. गुणाकार केला तर दहा केबी भरते. तेवढ्यात मोठमोठे शास्त्रज्ञ आपली गणितं सोडवून नेत. आमच्या आत्याकडून रोज पहाटे येणारं 'शुभ सकाळ'चं चित्र, गुलाब आणि दवबिंदूंसकट, टिफ्रॅकमध्ये मावलं नसतं. फार तर एक पाकळी.

शेवटी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. परळचा मुलगा, पाठीला सॅक, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन. बाबांना काका म्हणतो, आईला काकू आणि मला सर. आल्यावर त्याने की-बोर्डला हातच लावला नाही. टेबलाखालून डबा ओढला, बाजूला कान लावला आणि विचारलं, "काकू, ही मशीन कधी उघडलीय का?"

"दर दसऱ्याला पुसते की," आई म्हणाली.

पुसते हे खरं. खंडेनवमीला आमच्याकडे कॉम्प्युटरची साग्रसंगीत पूजा होते. दादरच्या फुलबाजारातून आणलेला झेंडूचा हार डब्यावर, हळदकुंकू, अक्षता, दुसऱ्या दिवशी वर आपट्याचं पान. डब्याच्या पोटात पंखा आहे आणि तो फटींतून हवा आत ओढतो, याचा शास्त्रात उल्लेख नाही. मुलाने चार स्क्रू सोडवून झाकण बाजूला केलं आणि आम्ही सगळे वाकलो. प्रोसेसरवरच्या पंख्याला धुळीची करडी, जाड, लोकरीची टोपी. टोपीत अडकलेलं कबुतराचं पीस. पिसाखाली वाळून तपकिरी झालेल्या झेंडूच्या पाकळ्या. तळाशी तांदळाचे दाणे, काहींवर अजून कुंकू. एक सेफ्टी पिन. आणि मदरबोर्डच्या कडेला टेकून उभं असलेलं अख्खं आपट्याचं पान, शीर न् शीर मोजता येईल असं. मुलाने ते चिमटीत धरून अलगद बाहेर काढलं आणि आईच्या हातावर ठेवलं.

"काकू, सोनं."

कबुतराचं पीस आलं कुठून, हे दादरमध्ये विचारायचं नसतं. 2025च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली, मग निदर्शनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. कबुतरांनी कुठल्याच बाजूने अर्ज केला नाही. सरळ आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये बिऱ्हाड मांडलं.

त्या लोकरीच्या टोपीने काय केलं होतं ते मुलाने सांगितलं. वारा लागत नाही म्हणून प्रोसेसर तापतो, आणि तापला की जळून जाऊ नये म्हणून आपणच आपला वेग कमी करतो. प्रोसेसर आणि त्यावरचा ॲल्युमिनियमचा ठोकळा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते. आमची वाळून खडू झाली होती. ती खरवडून त्याने मटाराएवढी नवी लावली. मग रॅमची पट्टी उपसली, तिचे सोनेरी दात उजेडात धरून बघितले आणि सॅकमधून शाळेतलं खोडरबर काढलं. समुद्राच्या खाऱ्या हवेने हे दात काळवंडतात, खोडरबराने घासले की लख्ख. बाबा खुर्ची ओढून जवळ आले. इतका वेळ चाललेल्या उपचारांत त्यांना पटलेला हा पहिला. "माझ्याकडे अजून चांगलं आहे," म्हणून ते आपलं खोडरबर घेऊन आले.

ब्लोअर त्याने गॅलरीत नेऊन चालवला. एका तपाची धूळ एका फुंकरीत बाहेर पडली आणि खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर उतरली. त्यानंतर दोन मजल्यांमध्ये बराच वेळ जे संभाषण झालं, त्यात कॉम्प्युटरचा उल्लेख ओझरताच होता. भर मुख्यतः आमच्या बाथरूममधून त्यांच्या छताला झालेल्या जुन्या गळतीवर होता.

एवढं होऊनही सुरू व्हायला वेळ लागतच होता. मुलाने टास्क मॅनेजर उघडून एका आकड्यावर बोट ठेवलं: डिस्क, 100 टक्के. "काका, बाकी सगळे बसून आहेत. काम हिच्याकडे तुंबलंय."

हार्ड डिस्कची कल्पना 1956 सालची. आयबीएमच्या त्या पहिल्या यंत्रात दोन-दोन फुटांच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या वर, आणि मावायचं पाच एमबीच्याही आत. आमची तळहातावर मावते, पण कामाची रीत तीच. तबकडी फिरते आणि तिच्यावरून एक दांडी सरकत हवी ती जागा शोधते. मिनिटाला 7200 फेरे, म्हणजे सेकंदाला 120. ऐकायला केवढं वाटतं! पण दांडीला जागेवर पोचायला आठ-नऊ मिलिसेकंद, आणि तबकडीवरचा नेमका भाग तिच्याखाली यायला सरासरी आणखी चार. सेकंदाला पाऊणशे ठिकाणं झाली तरी पुष्कळ. आणि विंडोजला उठताना अशा हजारो ठिकाणी जाऊन यायचं असतं.

ज्याने दादरला सणाचा बाजार केलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. समजा यादी अशी आहे: नारळ रानडे रोडला, गजरा पुलाखाली फुलबाजारात, कोथिंबीर स्टेशनसमोर, कापूर परत रानडे रोडला, केळीची पानं परत पुलाखाली. चालायचा वेग कितीही असू द्या. यादीत ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने आणायचं, अशी अट घातली की चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी त्या गर्दीतून तुमचं जे होईल, ते हार्ड डिस्कचं रोज सकाळी होतं. डिफ्रॅग म्हणजे रात्रभर खपून सगळी दुकानं शेजारी-शेजारी आणून बसवणं. एक्सपीमध्ये ते निळे-तांबडे पट्टे सरकताना बघत आम्ही सुट्टीतल्या दुपारच्या दुपारी घालवल्या आहेत. व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने ते चित्रच काढून टाकलं. एक घरगुती करमणूक बंद झाली. एसएसडी नावाच्या नव्या जातीच्या डिस्कला या बाजारात उतरावंच लागत नाही. फिरणारी तबकडी नाही, सरकणारी दांडी नाही. कुठलीही जागा एका मिलिसेकंदाच्या छोट्याशा अंशात हजर.

"मग एसएसडी घालू, फॉरमॅट मारतो आणि फ्रेश विंडोज टाकून देतो," मुलगा सहज म्हणाला.

'फॉरमॅट' ऐकताच बाबा उठून उभे राहिले. आणि इथे मी पूर्णपणे बाबांच्या बाजूचा आहे. मराठी घरात जुना कॉम्प्युटर टाकत नाहीत तो चिक्कूपणा, असं ज्यांना वाटतं त्यांची 'योगेश'शी गाठ पडलेली नाही. युनिकोड घरोघरी पोचायच्या आधी मराठी टाइप करायचं म्हणजे निरनिराळे संप्रदाय होते. पुण्याच्या सीडॅकचं आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलरची श्री-लिपी, शिवाय आकृती, शिवाजी. योगेश आणि सुरेख हे सीडॅकचे फॉन्ट, सरकारी कचेऱ्यांतले लाडके. संप्रदाय वेगळे, युक्ती साधारण एकच: इंग्रजी अक्षरांचे जे क्रमांक कॉम्प्युटरला ठाऊक असतात, त्यांच्यावर मराठी अक्षरांचे तुकडे नेऊन बसवायचे. काने वेगळे, वेलांट्या वेगळ्या, अर्धी अक्षरं वेगळी. कॉम्प्युटर समजतो तुम्ही इंग्रजीतच काहीतरी बरळताय. जोवर फॉन्ट घरात आहे तोवर ते मराठी दिसतं. फॉन्ट गेला, की 'महोदय'च्या जागी डोक्यावर दोन टिंबं घेतलेली युरोपियन अक्षरं, पौंडाची चिन्हं आणि उलटी प्रश्नचिन्हं.

बाबांचं आत्मचरित्र, बदलीच्या प्रकरणापर्यंत, योगेशमध्ये आहे. सोसायटीचे जुने ठराव सुरेखमध्ये. आजीच्या वहीतल्या आरत्या कुणीतरी शिवाजीत टाइप करून ठेवल्यात. हे सगळं आधीच्या कॉम्प्युटरवरून या कॉम्प्युटरवर आलं, ते 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर दोन', 'फायनल', 'फायनल खरं' आणि 'उघडू नये' अशा नावांच्या पेट्यांतून. विंडोज 2000 पासून देवनागरी विंडोजमध्येच मिळायला लागली, तीही आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेल्या 'मंगल' फॉन्टमध्ये, आणि युनिकोडमध्ये लिहिलेलं मराठी टोकियोतसुद्धा वाचता येतं. जुन्या फॉन्टांतलं मराठी एकेका टेबलाखालच्या डब्यात राहतं. कन्व्हर्टर मिळतात, आम्ही वापरूनही पाहिला. आत्मचरित्राचं पहिलं प्रकरण युनिकोडमध्ये आणलं तर 'माझा जन्म'पर्यंत ठीक उतरलं, पुढे रफारांनी दंगा केला. बाबांनी तांबड्या पेनाने त्याचं मुद्रितशोधन केलं आणि कन्व्हर्टरला दहापैकी चार गुण दिले.

फॉरमॅटवर तोडगा निघाला तो क्लोनचा. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवायचं: विंडोज, योगेश, सुरेख, आरत्या आणि 'उघडू नये'सुद्धा.

एसएसडी घरबसल्या मागवता येते, पण लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या वस्तूवर आमच्याकडे जास्त विश्वास बसतो. रस्त्याचं नाव बदलून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन जमाना झाला. लॉर्ड लॅमिंग्टनही 1907 साली गव्हर्नरी सोडून गेला. दुकानदारांना दोन्ही बातम्या पोचलेल्या नाहीत. तिथे जायचं तर ग्रँट रोडला उतरायचं, आणि ग्रँट रोडला सगळ्या फास्ट लोकल थांबत नाहीत, म्हणून फास्ट डिस्क आणायला दादरहून स्लो गाडीत बसलो. रॅमची आणखी चार जीबीची एक पट्टी घ्यावी म्हटलं. 'डीडीआर-थ्री' म्हणताच दुकानदाराने माझ्याकडे जरा आदराने बघितलं आणि मागच्या फळीवरून एक जुनी काढून दिली. भाव ऐकून मी दचकलो. 2025च्या अखेरीपासून मेमरी जगभर महागली, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी ती उचलायचा सपाटा लावलाय. घरी येऊन बाबांना हे सांगितलं.

"म्हणजे अमेरिकेत कुणीतरी मशीनकडून कविता करून घेणार, म्हणून दादरमध्ये आम्हाला चार जीबी महाग?"

"साधारण तसंच."

"याचं पत्र कुणाच्या नावे काढायचं?"

क्लोन व्हायला रात्र गेली. सकाळी बाबांनी बटण दाबलं, सवयीने टॉवेल खांद्यावर घेतला आणि वळणार तोच विंडोज हजर. ते तसेच उभे राहिले. "काहीतरी बिघडलंय," म्हणाले. बंद करून पुन्हा लावून पाहिला, पुन्हा तेच. त्या दिवशी अंघोळ दुपारवर गेली.

जाताना मुलाने बजावलं होतं, की विंडोज टेनचा मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025ला संपला, आणि इलेव्हनला हा आय-थ्री चालणार नाही, त्याला आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल लागतो, वर टीपीएम नावाची सुरक्षेची सोय. तेव्हा बँकेचे व्यवहार इथे नकोत; लिनक्स टाकून देतो. लिनक्सवर योगेश नांदेल का, या मुद्द्यावर प्रस्ताव विचाराधीन आहे. जुनी हार्ड डिस्क आईने फडक्यात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात घातली आणि डबा माळ्यावर गेला.

आता संताप आणि वर्ड एकाच वेळी उघडायला लागले. उखडलेल्या लादीचं पत्र लादीवरची ठेच ताजी असताना निघतं. जी-उत्तरच्या खिडकीत गर्दी वाढली. नेमक्या याच सुमाराला आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा मसुदा आला. कित्येक वर्षं नुसती चर्चा होती, आता बिल्डरचं पत्र. बाबांनी ते सकाळी वाचलं आणि दुपारच्या चहाच्या आत हरकती तयार: सहकारी संस्था कायद्याचं कलम 79अ, त्याखालचा 4 जुलै 2019चा शासन निर्णय, कार्पेट क्षेत्राचा तक्ता, प्रत माहितीस्तव उपनिबंधक. कमिटीने उत्तर दिलं. प्रत्युत्तर त्याच संध्याकाळी. मग पुरवणी हरकती, मग पुरवणी हरकतींचं शुद्धिपत्र. बाकीचे सभासदही आपापल्या शंका घेऊन येऊ लागले; बाबा त्या ऐकता ऐकताच टाइप करतात.

परवा सचिव घरी आले. पुनर्विकासाबद्दल अवाक्षर काढलं नाही. चहा घेतला, तब्येतीची चौकशी केली आणि मग जरा वाकून टेबलाखाली बघत म्हणाले, "फास्ट करून घेतलात म्हणे?"

"हो, हार्ड डिस्क बदलली."

"छान, छान." बशीतला चहा संपवून त्यांनी बशी खाली ठेवली. "आणि जुनी टाकून दिली असेल?"

"छे, टाकते कशाला? आहे माळ्यावर," आई आतून म्हणाली.

सचिव सावरून बसले. "मग वहिनी, ती परत बसवता येते का हो?"